पातेल्यावरचा रॉक

माझ्या मुलांना वाटतं, बाप जन्मला तोच हेडक्लार्क म्हणून. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत परभणीच्या कॉलेजात मी रॉक वाजवलाय, हे त्यांना पटत नाही. त्यातून पातेल्यावर!

गॅदरिंगला इंग्रजी गाणं बसवायची कल्पना वर्गातल्या एका डॉक्टरच्या पोराची. त्याच्याकडं रेकॉर्ड होती. परदेशातल्या पोरांनी लढाईवर जायला नकार दिला, त्याचं ते गाणं. 'वी वोंट गो' एवढंच आम्हाला कळलं. बाकीचे शब्द अंदाजे. गिटारच्या जागी बुलबुलतरंग आला. ड्रमचं काय, म्हणताच सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हलगी आण की गावाकडून. तुला येतच असंल."

येत नव्हती. पूर्वी गावात लग्न असो की मयत, सांगावा आला की आमच्या वडिलांना हलगी घेऊन जावंच लागायचं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि दादांनी, म्हणजे वडिलांनी, हलगी खाली ठेवली ती कायमची. जेवताना मी ताटावर बोटं वाजवली तरी ते ताट ओढून घ्यायचे. असा कित्येकदा अर्धपोटी उठलोय.

"हलगी न्हाई," मी म्हणालो. "पातेलं चालंल का?"

मेसचं भाताचं पातेलं पालथं घातलं, दोन पळ्या घेतल्या. आचारी म्हणाला, "जेवणं झाली की रे, आता कुणाला बोलवायलास?"

गॅदरिंगला पडदा वर गेला आणि दुसऱ्या रांगेत दादा! न कळवता गावाहून, ताडकळसहून आलेले. पळ्या वर धरल्या त्या धरूनच राहिलो. शिकायला पाठवलेलं पोरगं लोकांपुढं बडवत बसलंय म्हटल्यावर आजच गावी नेतील, कॉलेज संपलं.

"वाजव की लेका!" बुलबुलतरंगवाला खेकसला.

वाजवलं. लयीत नाही, लय जोरात.

कार्यक्रम संपला तसे दादा उठून स्टँडकडं निघाले, मी मागोमाग. बसच्या दारापाशी म्हणाले, "ते वोंट गो काय व्हतं?"

"आमी जाणार न्हाई."

"बोलवायलंय कोण?"

"त्यांचं सरकार. लढाईला."

दादा हसायलाच लागले. "आरं, हे तर आमी कवाच म्हणलं गावाला. मराठीत!"

"मग मी गावी..."

"गावी कशाला? शीक की. म्हण बरं परत."

मी म्हटलं, त्यांनी म्हटलं, 'वी वोंट गो', दोनदा, तीनदा. मागून कंडक्टर ओरडला, "मामा, जायचं नसंल तर दारातून सरका की!"