‘सशांमध्ये’ हा शब्द खोडू न देणाऱ्या फिलोमिना मॅडम

डॉ. फिलोमिना फर्नांडिस यांची आणि माझी पहिली भेट झाली, तो दिवस माझ्या फजितीचा होता. मसुऱ्याहून मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी पुढच्या शिक्षणासाठी आलो होतो. विभागाच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी प्रश्न विचारला आणि घाबरून माझ्या तोंडून निघालं, “माका म्हायत नाय.” सगळे हसले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“खंयचो रे तू?” त्यांनी सर्वांसमक्ष विचारलं.

“मसुऱ्याचो.”

“मी देवबागची. म्हायत नाय असा सांगूक लाजू नको. हंय बरेच जण ता सांगनत नाय.”

पुढचे प्रश्नही त्यांनी मला मालवणीतच विचारले आणि विभागाला ते निमूट ऐकून घ्यावं लागलं.

मॅडमचं संशोधन त्यांच्या घरातल्या दुःखातून आलं होतं. त्यांचे थोरले बंधू सांतान मासेमारीला गेले असताना होडी उलटली. लोकांनी त्यांना बाहेर काढलं. ते बोलले, चहाही मागितला. घरचे निर्धास्त झाले आणि संध्याकाळपर्यंत श्वास कोंडून सांतान गेले. खारं पाणी फुप्फुसात गेलं की तिथल्या वायुकोशांना उघडं ठेवणारा स्निग्ध थर बिघडतो. हा थर म्हणजे सर्फॅक्टंट. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो औषध म्हणून देतात, हे मॅडमना ठाऊक होतं. मग इजा झालेल्या फुप्फुसालाही तो बाहेरून देता येईल का, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

प्रयोग सशांवर चालत. पूर्ण भूल चढल्याशिवाय सशाला कुणालाही हात लावू न देणं, हा मॅडमचा कडक नियम होता. एकदा औषध पुरवणाऱ्या कंपनीचे पाहुणे बसलेले असताना भूल देण्याचं यंत्र नीट चालेना. मॅडमनी ससा पिंजऱ्यात परत ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं, “आज काही होणार नाही. या आता.”

पुढे औषधाचा गुण दिसू लागला. श्वासयंत्रावरच्या सशांच्या रक्तातला प्राणवायू झपाट्याने वाढला. विभागात पेढे वाटले गेले. मॅडम मात्र यंत्रापाशीच थांबल्या. दिवस कलला तसा बऱ्याच सशांचा प्राणवायू पुन्हा घसरला. दुखावलेल्या रक्तवाहिन्यांतून झिरपणारी प्रथिने औषधालाच निकामी करत होती.

परिषदेसाठीचं पोस्टर छापून आलं, तेव्हा त्यात घसरणीचा आलेख नव्हता. शीर्षकातला ‘सशांमध्ये’ हा शब्दही गायब होता. मॅडम तडक विभागप्रमुखांकडे गेल्या. मी सोबत होतो.

“मॅडम, एका शब्दाने काय बिघडतं?” प्रमुख म्हणाले. “औषध लागू पडतंय, हे तर खरं ना? मी खोटं बोलायला सांगत नाही. बाकीचं नंतर सांगू.”

“माझा भाऊही थोडा वेळ बरा होता, सर.”

परिषदेत त्यांनी सर्वांदेखत जाड मार्करने ‘सशांमध्ये’ हा शब्द पोस्टरवर लिहिला, शेजारी घसरणीचा आलेख चिकटवला आणि तिथेच उभ्या राहून प्रत्येकाला तो समजावून सांगितला.

त्याची शिक्षा झाली. कंपनीने औषध पुरवणं बंद केलं, मॅडमची बढती अडली, प्रयोगाची खोलीही गेली. त्यांनी दुसऱ्या संस्थेत उसनी जागा मिळवली, औषध दुसरीकडून आणलं आणि काम चालू ठेवलं. औषध लवकर आणि पुन्हा दिलं, यंत्राचा श्वास हलका ठेवला, तर काही सशांची फुप्फुसं जास्त काळ तग धरतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. तेही त्यांनी ‘सशांमध्ये’ असंच लिहिलं. पुढे मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांतून अपेक्षेइतका लाभ दिसला नाही, तेव्हा मॅडमना आपलं एकही वाक्य मागे घ्यावं लागलं नाही.

निवृत्तीनंतर त्या देवबागला परतल्या. पाण्यातून काढलेला माणूस खोकत असेल, तर तो कितीही बोलू दे, त्याला रुग्णालयात न्या, हे त्या किनाऱ्यावर फिरून सांगतात. एका जलक्रीडावाल्याने त्यांना अडवलं. “डॉक्टरबाय, असा सांगल्यार गिऱ्हाईक पळतला!”

“पळांदे. जिता पळतला मा?”

आज तोच आपल्या पोरांना त्यांच्याकडे शिकायला पाठवतो.

या गौरवग्रंथाला मॅडमचा साफ नकार होता. “माझो गौरव कित्याक? तालुक्याच्या रुग्णालयात श्वासयंत्र चालवणारो माणूस हाडा.”

मॅडम, तो माणूस आणा म्हणून आम्ही मागतच राहू आणि हा ग्रंथही काढू. तुमच्याच हाताखाली वाढलेलो आम्ही, मोठ्यांनी नको म्हटलं म्हणून गप्प कसे बसणार? पंचाहत्तरी झाली, आता शंभरी ओलांडा. तब्येत ठणठणीत राहो, छातीत दम राहो. आणि आम्ही कुठे सोयीचं तेवढंच बोलू लागलो, तर भर सभेत आम्हाला खाली बसवा.