आत्याची गच्ची

नाशिकच्या उन्हावर कुणाची मालकी असेलच, तर ती आमच्या आत्याची होती. सूर्य तिच्या परवानगीनं उगवायचा असं मी म्हणणार नाही, पण मे महिन्यात तो तिला वचकून असायचा एवढं नक्की. ही माझ्या वडिलांची चुलतबहीण, त्यांच्याहून बरीच मोठी, गंगापूर रोडला राहायची. उन्हाळा लागला की तिच्या गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चिकवड्या यांची जत्रा भरायची. कॉलनीतल्या बायकांपासून देवळाली कॅम्पातल्या फौजी कुटुंबांपर्यंत सगळ्यांच्या ऑर्डरी तिच्याकडे. आभाळात ढग दिसला की ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे अशी बघायची, की तो बिचारा मुकाट्यानं त्र्यंबकच्या दिशेनं निघून जाई. एकदा एक नाही गेला, तर आठवडाभर ती त्याच्याबद्दल आगाऊ पाहुण्याबद्दल बोलावं तशी बोलत होती. मेल्याला दुसरीकडे जागाच नव्हती का, असं.

तिच्याकडे गेलेला माणूस नुसता बसून परत आला, असं कधी घडलं नाही. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसानंही चिकवड्या उलटल्यात. तिच्या मुलीला बघायला मंडळी आली, ती नेमकी उडदाचं पीठ कुटून ठेवलेल्या दिवशी. पीठ थांबत नाही, बोलणी थांबतात, असं सांगून तिनं मुलाच्या आईच्या हातात लाटणं दिलं. मुलाचे वडील पापड उन्हात नेऊन टाकत होते. मुलगा-मुलगी एकमेकांशी काय बोलले कुणास ठाऊक, पण लग्न ठरलं, आणि विहीणबाई पापड पातळ लाटतात याचं श्रेय आत्या शेवटपर्यंत स्वतःकडे घेत राहिली.

त्या वर्षी मी मुंबईच्या हॉस्टेलवरून सुट्टीत घरी आले, ती डोक्यात हिमाचल घेऊनच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मैत्रिणींनी जूनमध्ये ट्रेकला जायचं ठरवलं होतं. त्या मुंबईहून दिल्लीच्या गाडीत बसणार, मी नाशिकरोडला चढायचं. खर्चापुरतं आपण कमवावं म्हणून मी आत्याकडे कामाला लागले. पगार देईन, पण लाड करणार नाही, असं बजावून तिनं मला पहाटे गच्चीवर उभं केलं. लाड मात्र रोज केले. कुरडयांचा चीक शिजला की दूध-साखर घातलेली पहिली वाटी माझी, आणि ती संपेपर्यंत मला कामाला हात लावायची बंदी.

अडचण होती ती वडिलांची. त्यांचा नकार असा कधी ऐकूच आला नाही. मी विषय काढला की ते "बघू" म्हणत, पायांत चपला सरकवत, जरा गंगेवर जाऊन येतो म्हणत, आणि गोदावरीचा अख्खा घाट पालथा घालून, विषय शिळा झाल्यावरच परत येत. मैत्रिणींना तिकिटं काढायची होती. रविवारपर्यंत कळवलं नाही तर माझी जागा दुसरीला जाणार होती. शनिवारी मला गच्चीवर, चिकाच्या पातेल्याशीच रडू फुटलं. आत्यानं मला ओढून बाजूला घेतलं. "चिकात मीठ मी घातलंय," ती म्हणाली. मग माझे डोळे पुसले आणि निरोप दिला, की बाळ्याला उद्या पहाटे घेऊन ये, म्हणावं माझा खांदा धरलाय.

बाळ्या म्हणजे माझे वडील. ऑफिसात त्यांच्यासमोर माणसं उभं राहून बोलायची. पण अक्काचा खांदा धरलाय म्हटल्यावर ते आले आणि प्लॅस्टिकच्या कागदापुढे मांडी घालून बसले. आता, कुरडईच्या चिकाचं असं असतं, की तो गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा. निवला की घट्ट होतो, मग कितीही जोर लावा, उतरत नाही. म्हणजे एकदा बसलं की पातेलं संपेपर्यंत उठता येत नाही. आत्यानं सगळ्यांत मोठं पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं, त्यांची पहिली कुरडई पडू दिली आणि हिमाचलचा विषय काढला. वडिलांची नजर जिन्याशी काढलेल्या चपलांकडे गेली. पण हातात सोऱ्या होता.

"बाळ्या, मॅट्रिकला असताना आमच्या शाळेची सहल दिल्लीला निघाली होती," आत्या म्हणाली. "मी माझ्या वडिलांना, दादांना विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. बघू म्हणाले. दादा गेले, पण त्यांचं बघणं काही संपलं नाही."

वडील खाली बघून सोऱ्या दाबत होते.

"नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हण. रडेल ती, मी समजूत घालीन. पण पोरीला बघूवर ठेवू नकोस."

वडिलांनी पातेलं संपवलं. इतक्या वेड्यावाकड्या कुरडया त्या गच्चीनं कधी पाहिल्या नव्हत्या, आणि आत्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटची घालून झाल्यावर ते सोऱ्याकडेच बघत म्हणाले, "नाशिकरोडला गाडी किती वाजता येते?"

मला सोडायला आत्याही स्टेशनवर आली. गाडी तिथं जेमतेम थांबते. जागा बघते म्हणून ती माझ्या आधी डब्यात शिरली, माझ्या मैत्रिणींना सरकवून खिडकीशी बसली, पदर सारखा केला आणि बाहेर बघत राहिली. मी सामान लावलं तरी ती उठेना. शिट्टी झाली. वडील प्लॅटफॉर्मवरून गजांशी येऊन "अक्का, उतर, गाडी सुटेल" म्हणत होते. मग ती उठली. "चांगली आहे गं जागा," म्हणाली, आणि उतरली.

त्यानंतर मी पुष्कळ हिंडले. वडील कधी हो म्हणाले, क्वचित नाहीही म्हणाले, पण गंगेवर निघून गेले नाहीत. हे सगळं तुझ्यामुळे झालं, असं मी आत्याला एकदा सांगितलं, तर तिनं पापड उलटायला लावले. माझ्याबरोबर चल म्हणून किती वेळा मागे लागले, पण तोवर तिचे गुडघे गेले होते. आता तीही नाही. गाडीत खिडकीची जागा मिळाली की मी आजही थोडी सरकून बसते.