ताईचं बोट

माझ्या बहिणीच्या उजव्या हाताचं एक बोट वळत नाही. गीतपुस्तकाचं पान उलटताना ते वेगळंच उभं राहतं. परवा चर्चमध्ये मी त्याच्याकडेच बघत होतो, कारण ज्यांनी ते मोडलं ते भाऊजी पुढे उभे राहून साक्ष देत होते. "मी पापी होतो. प्यायचो, बायकोला मारायचो. प्रभूवर विश्वास ठेवला आणि माझं सगळं पाप धुतलं गेलं."

सगळे आमेन म्हणाले. आमच्याकडे पाप जितकं मोठं, तितकं आमेन मोठं.

येशूच्या रक्तानं पाप धुतलं जाण्याची गाणी मी लहानपणापासून गात आलोय. परवा मला त्यांची चीड आली. मार खाल्ला ताईनं, आणि क्षमा मात्र तिला न विचारता वरूनच देऊन टाकली. असलं पापातून तारण यांचं यांनाच लखलाभ.

चर्चचे पाळकसाहेब हसत ताईकडे वळले. "बाई, प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं, तेही सांगा."

ताई उठली. "यांचं पाप धुतलं गेलं, ते ऐकलं मी," ती म्हणाली. "माझं बोट अजून वळत नाही." आणि खाली बसली.

आमेन मी एकट्यानंच म्हटलं.