आधी वीतभर उचला

बांधकामावरची उंच क्रेन चालवणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे 'वरचे काका' म्हणत, कारण सकाळी शिडी चढून केबिनमध्ये बसले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही ते खाली यायचे नाहीत. ती शिडी चढणं-उतरणं म्हणजे खायचं काम नव्हे, गुडघे बोलायला लागतात. त्यावर काकांनी साधा उपाय काढला होता, तो म्हणजे पाणीच प्यायचं नाही. मधेच खाली उतरतो तो कसला ऑपरेटर, असं ते चारचौघांत मिशीला पीळ देत सांगायचे. डब्यात पांढरा पाव आणि उकडलेला बटाटा. पालेभाजीला हात लावायचा नाही, तो म्हणे गुरांचा खुराक!

व्हायचं तेच झालं. एके दिवशी वर बसल्या बसल्याच पोटात डाव्या बाजूला अशी कळ उठली आणि असा ताप भरला, की त्यांना खाली आणता आणता खुणवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. खुणवाला म्हणजे जमिनीवर उभं राहून हातांनी खुणा करणारा त्यांचा जोडीदार. काय उचलायचं, कुठे थांबायचं, हे सगळं काका त्याच्या हातांकडे बघून ठरवत.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, की मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक पिशव्या झाल्या आहेत आणि त्यातली एक सुजली आहे. पिशव्या काही जायच्या नाहीत, पण त्यांना शांत ठेवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. सूज उतरेपर्यंत मऊ, पातळ खायचं, मग चोथा असलेलं अन्न हळूहळू वाढवायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. कंपनीनेही बजावलं, की पुन्हा वर असताना असं काही झालं तर क्रेन बंद, भांडारात बसून खिळे वाटायचे. काका एवढे धट्टेकट्टे, पण खिळ्यांचं नाव ऐकून त्यांचा चेहरा पडला. त्या केबिनवर त्यांचा जीव होता हो.

सूज उतरेपर्यंत काका शहाण्यासारखे वागले. मग मात्र त्यांना घाई सुटली. 'हळूहळू' हा शब्द त्यांनी दवाखान्यातच ठेवला होता. सकाळी वाडगाभर कोंडा, दुपारी ताटभर राजमा, वर सालीसकट सफरचंदं. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं टम्म, आणि काकूंनी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडलेल्या. आता संपलं, मी खिळेच वाटणार, म्हणून काका भिंतीकडे तोंड करून पडले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर चौकशी केली. ताप नाही, ती कळही नाही, नुसता वायू धरलाय म्हणाल्या, आणि पुन्हा तेच सांगितलं, हळूहळू.

फोन ठेवून काकू त्यांच्याकडे वळल्या. "अहो, सळ्यांचा भारा तुम्ही एका झटक्यात उचलता का?"

"वेडी की काय? आधी वीतभर उचलायचा, थांबायचं, तोल बघायचा. मग वर न्यायचा."

"मग त्या पोटाने तुमचं काय घोडं मारलंय?"

काकू तेवढ्यावर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. खुणवाल्याकडे जाऊन त्या सगळ्या खुणा शिकून आल्या. तेव्हापासून जेवताना तळवा खाली केला की हळू, मूठ वळली की थांब. आधी चमचाभर कडधान्य, दोन दिवस पोटाचा अंदाज, मग दोन चमचे. पांढऱ्या पावाच्या जागी गव्हाचा जाडाभरडा पाव आला, पालेभाजी आली, आणि काका चक्क तिची चव वाखाणायला लागले.

कामावर परतले त्या दिवशी काकूंनी पाण्याची मोठी बाटली सोबत दिली. काकांनी ती केबिनच्या कोपऱ्यात ढकलली. थोड्या वेळाने बघतात तर खाली खुणवाला अंगठा ओठांना लावून उभा. ही खूण कोणत्याही नियमात नव्हती, काकूंनी त्याला शिकवली होती. काका पाणी प्यायले. त्याने परत खूण केली, काका परत प्यायले. व्हायचा तो परिणाम झाला आणि जेवणाची सुट्टी अजून लांब होती. काकांनी दात आवळून धरले. इतक्या वर्षांची फुशारकी आज मातीत जाणार, अख्खं बांधकाम हसणार! मग त्यांना खिळे आठवले. क्रेन बंद करून ते निमूट शिडी उतरू लागले.

खाली सगळे माना वर करून बघत होते. काकांनी कोणाकडे न बघता जमिनीवर पाय ठेवला, आणि खुणवाल्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

"आलास रे बाबा! तू वर असलास की मला जागा सोडता येत नाही. इतकी वर्षं तू उतरला नाहीस, मग मी कुठे जात होतो असं वाटलं तुला?"

आणि उत्तराची वाट न बघता तो काकांच्या आधी पळत जाऊन मुतारीत शिरला. काका दाराबाहेर उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या फुशारकीची लाज वाटली.