रक्ताचा निकाल

"लक्षणं राहू द्या. आकडे दाखवा," असं म्हणून ते कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत आणि समोरच्याच्या रक्ताचा रिपोर्ट हातात घेत.

ते निवृत्त मुख्याध्यापक. लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. तुमच्याही गल्लीत असे एक सर असतीलच. जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या. नळाला पाणी येणं तेवढं बाकी होतं. टँकरची बातमी मी आमच्या पेपरात इतक्यांदा दिली होती की छापखान्यातला कंपोझिटर मथळा आधीच जुळवून ठेवायचा.

रक्त तपासणाऱ्या लॅब मात्र वेळेवर आल्या. तिथून निघालेला माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी सरांच्या ओसरीवर थांबे. डॉक्टर फी घेत. सर चहा पाजत.

सरांची पद्धत सोपी होती. जन्मभर गुणपत्रिका वाचलेल्या. आकडा छापील मर्यादेत असला तर पास, खाली असला तर नापास, वर गेला तर विशेष प्रावीण्य. गल्लीतल्या शिंपीचाचांच्या पांढऱ्या पेशी सतरा हजार निघाल्या, तेव्हा सरांनी त्यांचा हात हातात घेतला.

"चाचा, मेरिट!"

"पर सर, ताप उतरंनाच झालाय."

"पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. भरती जोरात आहे. आनंद माना."

एवढे शिपाई कशाला जमलेत, हे विचारायची त्या ओसरीवर रीत नव्हती. चाचा आनंद मानत डॉक्टरकडे गेले आणि छातीत न्यूमोनिया निघाला. सरांची पत त्यानं तसूभरही घटली नाही.

त्या उन्हाळ्यात सरांच्या बायकोला चक्कर येऊ लागली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेबारा.

"गल्लीत एवढं कुठल्या बाईचं नाही," सर ओसरीवर जाहीर करून मोकळे झाले. "पास!"

"आवो, पर उभं ऱ्हायलं की डोळ्याम्होरं अंधारी यायलीय."

"पास झालेल्यानं तक्रार करू नये."

दुसऱ्या दिवशी बाई टँकरच्या रांगेत कोसळल्या. दवाखान्यात सलाईन लावलं, पुन्हा रक्त काढलं. साडेनऊ.

सर भडकले. "काल साडेबारा होतं! फेरतपासणी करा."

डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्या म्हणाल्या, "सर, रक्त कमीच होतं. अंगातलं पाणी आटलं म्हणून आकडा वर दिसला. रस्सा आटला की तिखट जास्त लागतं, तसं. पाणी भरल्यावर खरा आकडा कळला. या पाणी पीत नव्हत्या का?"

बाई छताकडे बघत म्हणाल्या, "घरात घागरभर पाणी. त्यात ह्यांचे एवढे लोक येतेत. चहा नको का करायला?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला.

ओसरीचं दार बंद झालं. लोक सरळ डॉक्टरकडे जाऊ लागले. गल्लीचं आरोग्य बहुधा सुधारलं असावं. महिनाभरात दोघं नांदेडला मुलाकडं निघाले. एस.टी. स्टँडवर मला ते शेवटचे दिसले. बाई खिडकीशी, सर शेजारी, हातात पाण्याचा तांब्या.

"बास झालं," बाई म्हणाल्या. "तुमाला ऱ्हाऊ द्या की."

"पी."

बाईंनी तांब्या तोंडाला लावला. गाडी सुटली तेव्हा सर मान वाकडी करून तांब्यात डोकावत होते.