खुर्चीवरची आत्या

आमची कृष्णाआत्या बसायची ती जमिनीवरच. पाट नको, चटई नको, खाट निजण्यापुरती. कुणी खुर्ची पुढं केलीच तर म्हणायची, "जिमिनीवर बसलेला माणूस कधी पडत न्हाय बघ." निजाम गेला, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला, कळंबच्या त्या धाब्याच्या घरातली आत्याची बैठक काही हलली नाही.

ती हलली कुरडयांपायी. माळवदावरच्या कुरडयांवर कावळे उतरले म्हणून आत्या शिडीनं वर धावली आणि उतरताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून आत खिळा बसवला आणि मला बजावलं, "आता जमिनीवर बसणं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही. खिळा सरकला तर मग कायमचं अंथरूण."

मी तिचा भाचा, धाराशिवच्या कचेरीत कारकून. तिला मूलबाळ नव्हतं, यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मी म्हणालो, "आत्या, आता आमच्याकडंच चला."

"तुझ्या घरी पाहुणीवानी पडून ऱ्हाऊ व्हय? माझं घर हाय की मला!"

शेवटी तह झाला. घर तिच्याजोगं करून द्यायचं. पण एकदा जरी ती जमिनीला टेकली, तर गाठोडं बांधून धाराशिवला यायचं. तिनं मान डोलावली. मला मात्र तिच्या कबुलीपेक्षा तिच्या सवयीची धास्ती होती.

मग मी रजा काढून कळंबला तयारीला लागलो. उंबऱ्याला फळ्यांचा उतार केला. उभ्यानं स्वयंपाक करता यावा म्हणून विटांचा ओटा बांधवून घेतला, मापाला स्वतः उभा राहिलो. घरात सगळ्यांत उंच मीच; अक्कल कुणी मोजली नव्हती. आत्या कुबडी टेकत घरी आली, तर ओटा तिच्या छातीला लागला. ती म्हणाली, "ह्यो सैपाकाला केलास का भाषणाला?" विटांचे दोन थर काढावे लागले.

शौचासाठी एका जुन्या खुर्चीची बैठक सुताराकडून मधोमध कापून घेतली होती. ती मजबूत आहे ना हे पाहायला मी कपड्यांनिशी तिच्यावर बसून दाखवलं. आत्या शांतपणे म्हणाली, "कचेरीतबी असाच बसून ऱ्हातोस न्हवं?"

देवघर जमिनीलगत होतं. देव हलवावेत की नाही, मी घुटमळलो. तिनं तेही निकालात काढलं. "उचल त्यांना वर. त्यांच्या कमरंला काय झालंय?"

सगळं उंचावर आलं. ओसरीत हाताची खुर्ची ठेवली, तिच्यावर आत्या अवघडून का होईना बसली. मी निश्चिंत होऊन चहा पितोय, तोच दारात खोकला ऐकू आला. आबा! आत्याचे थोरले दीर, बाजारातले जुने आडते. भावजयीची तब्येत विचारायला आले होते.

आणि ह्या एका गोष्टीची तयारी आम्ही केलीच नव्हती. त्या घरात थोरल्या दिरापुढं भावजयीनं उंच बसायचं नाही आणि दोघांनी थेट बोलायचंही नाही, अशी रीत. आबा तर येऊन घोंगडीवर बसणार, खाली! आत्यानं पदर ओढला, खुर्चीचे हात धरले आणि ती हळूहळू खाली सरकू लागली.

मी झडप घालून तिचे खांदे धरले. "आत्या, खिळा!"

"सोड! थोरले दारात हायेत. मी वर आन् ते खाली?"

आबांनाही पेच कळला. भिंतीकडं बघत ते म्हणाले, "वसंता, मी जातो म्हणावं."

"बिनचहाचं कुणी जायचं न्हाय म्हणावं," आत्या माझ्याकडं बघत म्हणाली. दोघांच्या मधे मी टपालपेटीसारखा उभा.

"आबांना शेजारची खुर्ची आणू का?" मी विचारलं.

"बरोबरीनं बसू व्हय त्यांच्या?" ती अजून खुर्चीच्या कडेवरच होती. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्यांवर गेली. "वसंता, ती पोती रच एकावर एक. वर घोंगडी टाक. रीत मोडायची नसती बाबा. लागलं तर उचलून वर ठेवायची."

मी घामाघूम होऊन पोती रचली. पिकल्या मिशांचे आबा त्या ढिगाकडं बघत राहिले. वाटलं, आता संतापून निघून जातात. त्यांनी मुकाट्यानं काठी माझ्या हाती दिली, माझ्या वाकलेल्या पाठीवर एक पाय दिला आणि वर चढले. पटका तुळईला घासला. पाय अधांतरी लोंबत होते.

आत्या खुर्चीत मागं टेकली. जमिनीला काही टेकली नाही.

मी आबांना वर चहा दिला. मग आबा, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "कृष्णाबाई, इथं वारं बरं लागतंय."

पदराआडून उत्तर आलं, "मग रोज येत जावा, भाऊजी."

ते रोज येऊ लागले. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं आमच्या विनवण्यांनी होत नव्हतं, ते आबांच्या चहापायी होऊ लागलं. ओट्यापासून ओसरीपर्यंत, आधी कुबडीनं, मग काठीनं.

धाराशिवला आत्या आली ती माझ्या मुलीच्या बारशाला. राहा म्हणून आम्ही सगळ्यांनी आग्रह केला. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीसाठी तिनं काठी उचलली.

"जाऊ दे मला. तिकडं पोत्यावर माणूस ताटकळलं असंल."