खोकून दाखव

आमच्या गावच्या, आरोग्य खात्याच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी आल्या की आधी बाळाचं तोंड बघत नसत. उंबऱ्यातच चप्पल काढत म्हणत, "खोकून दाखव बघू." बाई खोकली की तिच्या चेहऱ्याकडे बघत. खोकताना लघवी निसटून कापड ओलं झालं तर चेहरा आधी सांगतो, असं त्यांचं म्हणणं. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं आणि माघारी खोकअक्का. "म्हनू द्या की, अंगाला काय भोकं पडत्यात व्हय!" असं म्हणून त्या हसत. हसू आलं की मटकन खाली बसत आणि मगच हसत. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची.

पहिल्या बाळंतपणाला मी नेकनूरजवळ माहेरी आले होते. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला होता, आठशे मीटर पळायचं मैदान तीन महिन्यांवर आलं होतं आणि माझं वय निघून चाललं होतं.

"सव्वा महिना नुसतं चालायचं," अक्कांनी बजावलं. "आधी न्हाणीपतुर, मग गल्लीच्या टोकापतुर. आडवं पडून, लघवी अडवल्यावानी अंग आत वढायचं अन् सोडायचं. श्वास कोंडायचा न्हाई. पळायचं नाव तीन महिने काढू नको, अन् तेबी डॉक्टरीणबाईनं तपासल्यावर."

"अक्का, तवर भरती होऊन जाईल."

"जाऊ दे. भरती परत येती."

मला त्यांचं पटलं नाही. आईने पोट सुटू नये म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली होती. पोट आवळलेलं आहे म्हणजे सगळं जागेवर आहे, असं मला वाटलं. अडतिसाव्या दिवशी सकाळी बाळ झोपलेलं बघून मी शाळेच्या मैदानावर गेले. दुसऱ्या फेरीत खाली काहीतरी जड ओघळल्यासारखं वाटलं. थांबले. बंद झालेलं रक्त पुन्हा सुरू झालं होतं. गुडघ्याला गुडघा लावून घरी आले आणि कुणालाच काही बोलले नाही.

पुढचे चार दिवस मी बाळाला उचललं नाही. वाकले तर आतलं सगळं बाहेर येईल, अशी भीती होती. "लेकरू रडतंय, दगड झालीस का गं?" आई म्हणायची. मी पडून राहायचे.

बेचाळिसाव्या दिवशी अक्कांची शेवटची फेरी होती.

"खोकून दाखव."

"घसा बसलाय, अक्का."

"घसा न्हाई बसला. चेहरा सांगतोय, पळालीस तू."

मी रडायला लागले. अक्कांनी कडी लावली आणि पोटाची पट्टी सोडली. "ह्यानं पोट आत जात न्हाई बाई, भार खाली जातोय. मीबी असंच बांधलं हुतं. एकविसाव्या दिवशी ऊसतोडीला गेले. मोळी ट्रकात टाकली अन् खाली काहीतरी आलं. सांगू कुनाला? हातानं वर ढकलायची अन् पुढली मोळी उचलायची. चार वर्सं. मग पिशवीच काढली. तरी खोकलं-हसलं की अजून ओलं हुतं."

खाली बसून हसण्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

त्याच दुपारी त्यांनी मला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत माझा हात धरून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खाली काही आलं नव्हतं, पण आतले स्नायू फार सैल होते. अजून पळाले असते तर काय झालं असतं ते सांगता येत नव्हतं, असं त्या म्हणाल्या. अक्का तिथेच भिंतीला टेकून बसल्या.

त्या वर्षीचं मैदान गेलं. ज्या दिवशी मुली पळत होत्या, त्या दिवशी मी गल्लीच्या टोकापर्यंत चालून आले. पुढे तपासणी झाल्यावर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, मग थांबून खोकायचं. पाऊल टाकताना ती दुसरी फेरी आठवायची.

पुढच्या, माझ्या वयाला शेवटच्या भरतीत ज्या मैदानावर मला ही खाकी मिळाली, त्या सकाळी फाटकाबाहेरून मी अक्कांना फोन केला.

"भ्यालीस?"

"लई."

"खोक बघू."

खोकले.

"कोरडी हायेस?"

"कोरडी हाय."

"मंग जा."

"अक्का," मी म्हणाले, "आता तुमी खोकून दाखवा."

पलीकडे बांगड्या वाजल्या. मग त्या हसल्या. आधी खाली बसल्या असणार.